तोंड उघडा, दादा

"टीबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. रोगाचा नाही. थोरल्या दिरांचा.

माझी स्पुटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी, पॉझिटिव्ह आली होती. माझ्या खोकल्यातून जंतू बाहेर पडत होते. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, सुरुवातीला तोंडाला मास्क लावायचा आणि लेकीला वेगळं झोपवायचं, असं बाईंनी समजावलं. लेक चार वर्षांची. माझ्या कुशीशिवाय तिला झोप लागत नसे.

मी पाचूबंदरची कोळीण. घरची एक बोट आहे, ती माझा नवरा आणि त्याचे थोरले भाऊ चालवतात. त्यांना सगळं बंदर दादा म्हणतं, आम्हीही. खलाशी आता गावात मिळत नाहीत. नारळी पौर्णिमा झाली की झारखंड, उत्तर प्रदेशातून माणसं येतात, आणि ती आली की त्यांना तपासायला आरोग्य खात्याची मंडळी बंदरावर येतात. त्या वर्षी आली तेव्हा मी लिलावाच्या शेडपाशीच बसले होते. छातीचा फोटो काढायचं हातातलं छोटं यंत्र होतं, मलेरियासाठी बोटाचं रक्त घेत होते, आणि जाळ्यावर काम करताना हात चिरतात म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन देत होते.

खलाशांना रांगेत उभं केलं ते दादांनीच, गुरं उभी करावीत तसं. नर्सताई म्हणाली, बोटीवर तुम्ही सगळे एकत्रच जेवता, झोपता, तर तुम्हीही उभे राहा. दादा हसले.

"आमी हितलेच. भायेरून आलेत त्यांना तपास," म्हणाले, आणि खोकत खोकत चहा प्यायला गेले.

तो खोकला आमच्या घराला पाठ होता. जाऊबाई अडुळशाचा काढा करून द्यायच्या, दादा म्हणायचे दर्याचा वारा लागलाय. वर्षभर वाराच लागत होता. पण घरच्या मोठ्याला कोण सांगणार की तुम्ही आजारी आहात? खलाशांचे फोटो मात्र सगळे स्वच्छ निघाले. नर्सताईने तसं चारचौघांत सांगितलंही.

पुढे मला रोज संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. वजन उतरलं, ब्लाउज ढगळ झाले. औषधाच्या दुकानातल्या बाटल्या पिण्यात माझे दोन महिने गेले. तुम्ही घालवू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला की सरळ सरकारी दवाखान्यात जा, तपासणी फुकट आहे.

टीबीचं नाव घरात आलं त्याच दिवशी दादांनी निकाल दिला. "सुकरानं आनला रोग." सुकरा आमच्या बोटीवरचा खलाशी, झारखंडचा, शांत माणूस. आमच्या ओट्यावर जेवायचा, माझ्या लेकीला शिंपले आणून द्यायचा. त्याची छाती स्वच्छ आहे हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. तरी दादांनी त्याचं बोचकं बोटीतून धक्क्यावर फेकलं, लिलाव भरलेला असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर त्याला एकही बोट घेईना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं.

मला तेव्हा धड श्वास घेता येत नव्हता. अंथरुणावर पडल्या पडल्या मी एकच ठरवलं, याचं उट्टं काढल्याशिवाय मी मरणार नाही. भूक नव्हती तरी मी जेवले ते या एका हट्टावर.

मग घरी आरोग्यसेविका आली. रुग्णाच्या जवळच्या माणसांना तपासतात, त्याला कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणतात. तिने विचारलं, घरात आणखी कोणी खोकतं का? सगळे नाही म्हणाले. मी आतून सांगितलं, "दादा खोकतात. वर्ष झालं." बेडक्याचा रंगसुद्धा सांगितला. हे मी त्यांच्या भल्यासाठी केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दादांच्या फोटोत कॅव्हिटी निघाली, म्हणजे फुप्फुसात पोकळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोणाकडून कोणाला लागला हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण घरात सगळ्यात जुना आजार यांचाच दिसतो." मला ऐकू आलं नाही असं म्हणून मी ते वाक्य बाईंना पुन्हा म्हणायला लावलं. दादा जमिनीकडे बघत होते.

लेकीला तपासलं, तिला आजार नव्हता. तो होऊ नये म्हणून तिलाही औषध सुरू झालं. ते कडू औषध पिताना ती रडायची, आणि मी मास्कआडून दादांच्या दाराकडे बघायची.

गोळ्यांनी लघवी लाल होते, त्याला घाबरू नका. मळमळतं. मला तर मासळीचा वास सहन होईना, कोळणीवर अशी वेळ यावी! पण महिन्याभरात ताप गेला आणि खोकला उतरला. बाईंनी परवानगी दिली तेव्हा लेक पुन्हा कुशीत आली.

दादा मात्र गोळ्या गटारात टाकताना सापडले. आरोग्यसेविका म्हणाली, यांना समोर बसवून गोळ्या देणारं घरातलं कोणीतरी हवं. मी म्हणाले, मी बघते.

आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिरासमोर उभीसुद्धा राहत नाही. आता मी रोज सकाळी तांब्या घेऊन त्यांच्यासमोर उभी राहू लागले. ते गिळायचे. मी म्हणायची, "तोंड उघडा, दादा. जीभ वर करा." एवढ्या मोठ्या माणसाने आ करायचा आणि मी आत डोकावायचं. हे सुख मी एक दिवसही चुकवलं नाही. त्यामुळेच ते बरे झाले, हेही खरं.

दादांचे आणि माझे रिपोर्ट निगेटिव्ह आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, आता सुकराला घेऊन या.

"गोल्या खाल्ल्या ना? आनखी काय पाह्यजे तुला?"

"चार लोकांत हाकललात त्याला. चार लोकांतच जाऊन आना."

नवऱ्याने पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. आम्ही तिघं अर्नाळ्याला गेलो. सुकरा तिथे किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत होता. बदनामी तिथवर पोचली होती, त्याला दर्यात कोणी नेत नव्हतं. दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं की रोग आपल्याच छातीत होता, सुकराचा काही दोष नव्हता, आणि त्याला बोटीवर बोलावलं.

सुकरा उठला नाही. अगदी सौम्यपणे म्हणाला, "दादा, आपका फोटो हुआ क्या? पहले वो दिखाओ, फिर बैठूँगा नाव में."

अर्नाळ्याचे कोळी हसले. मी पदर तोंडाला लावला.

त्या दवाखान्याचे, त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आजारपणाने मला पुष्कळ शिकवलं असं लोक म्हणतात. मी एवढंच शिकले की परक्याची छाती तपासायची तर आधी आपली पुढे करावी. दादांना मी अजून माफ केलेलं नाही.

सुकराच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी दादा फोटो काढायला गेले आणि फिल्म पिशवीत घालून पुन्हा आमच्याबरोबर बोटीने अर्नाळ्याला आले. सुकराने ती उन्हाकडे धरली. त्याला त्यातलं काही कळत असेल असं नाही, पण तो ती वरपासून खालपर्यंत, एकेक फासळी मोजत असल्यासारखा बघत राहिला. दादा घाम पुसत समोर उभे होते. नवरा म्हणाला, त्याला म्हणावं आटप, भरती निघून जाईल.

मी म्हणाले, बघू दे त्याला सावकाश.