दुयाममामांनी चाळलेली माती

माझे दुयाममामा म्हणजे आमच्या बेटावरचा सगळ्यात हट्टी माणूस. वाट्याला समुद्राकाठचा उघडा खडक आला, तर त्यांनी आणि मामीने आतल्या दरीतून पाट्या भरभरून माती आणली. एकोणीस वर्षं वाहिली आणि त्या खडकावर द्राक्षांचा मळा उभा केला. मामी त्यातच खंगून गेली. सम्राटाच्या सैन्याला तिथे तोफा बसवायच्या आहेत, जमीन सरकारजमा, असा कागद एका शनिवारी आला, तेव्हा मामा भिंतीला टेकून नुसते बसून राहिले.

मग त्याच संध्याकाळी उठले ते थेट अधिकाऱ्याच्या तंबूत. मी सोबत होते.

"साहेब, खडक देवाचा, तो घ्या. माती आम्ही वाहिलीय. ती माझी."

तरुण अधिकारी हसला. "न्या की. आजपासून आठ दिवस दिले."

"शब्द?"

"शब्द."

डोंगराच्या वरच्या अंगाला माझी उताराची जमीन ओसाड पडली होती. तिथे नवा मळा लावायचा बेत ठरला. सोमवारी उजाडायच्या आत मामा कामाला लागले. वेली उपटायच्या, मुळं ओल्या पोत्यात गुंडाळायची, माती खरवडून चाळणीतून काढायची आणि कडेला ढीग घालायचा. दगड वर चढवण्यात गाढवं कशाला मारायची, असं त्यांचं म्हणणं.

"मामा, माती चाळताय की पीठ?"

"तुझ्या पावात खडे लागतात. इथे लागायचे नाहीत."

शनिवारी संध्याकाळी ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला. रविवारी आमच्याकडे कुणी कुदळीला हात लावत नाही. चर्चमध्ये गेलो, खारवलेले मासे खाल्ले, झोपलो. सोमवारी गावातली अकरा गाढवं घेऊन खाली उतरलो.

ढीग निम्मा संपला होता. शिपाई पोत्यांत माती भरत होते. मी धावत त्या तरुण अधिकाऱ्याला गाठलं.

"अहो, शब्द दिला होतात ना?" मी किंचाळले. "आज आठवा दिवस!"

"शनिवारीच संपले आठ, बाई."

"रविवार कोण धरतं?"

"सैन्य धरतं."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच मला सहन होईना. तो मामांकडे वळला. "आजोबा, तोफांपुढच्या भरावाला बिनखड्याचीच माती लागते. गोळा आदळला की खडे उडतात आणि आमचीच पोरं मरतात. इतकी माती चाळायला मला महिना लागला असता. फार मोठं काम केलंत."

आणि खऱ्या कौतुकाने त्याने मामांचा हात हातात घेतला. मामांनी तो सोडवूनही घेतला नाही. मला वाटलं, आता कोसळतील, नाहीतर त्याच्या मुस्कटात तरी मारतील.

"ढिगाच्या डावीकडची पुन्हा चाळून घ्या," मामा म्हणाले. "शुक्रवारी माझा हात दुखत होता. खडे राहिले असतील."