घोंगडीपलीकडचं जहाज

वाळूजच्या माळावर कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, त्या काळात मी जवळच्याच एका खेड्यात शाळेत बाई होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं गावाची मनं फाटली होती. बाप एकाच बसनं कंपनीत पाळीला जायचे आणि त्यांची पोरं माझ्या वर्गात दोन टोकांना बसायची. मी गोडीनं सांगून पाहिलं, दटावूनही पाहिलं. कुणी जागचं हललं नाही.

मग शाळेला एक प्रोजेक्टर मिळाला. त्यात फिल्मची पट्टी घालायची आणि बटण फिरवलं की भिंतीवर पुढचं चित्र. पण त्याला अंधार हवा आणि आमच्या खिडक्यांना दारंच नव्हती. मेंढरं राखणाऱ्या घरांतून पोरांनी घोंगड्या आणल्या, त्या खिडक्यांवर टांगल्या. लोकरीच्या वासाच्या त्या काळोखात सगळी पोरं भिंतीसमोर अशी दाटीवाटीनं बसली, की कुणाचा गुडघा कुणाला लागतोय याची शुद्ध कुणाला राहिली नाही. मला तर त्या मशीनच्या पाया पडावंसं वाटलं.

आठवडाभर शाळा चुकवणार नाही त्यानं शनिवारी बटण फिरवायचं, असं मी ठरवलं. तो मान मिळवला बौद्धवाड्यातल्या एका मुलीनं. तिची आई शेडच्या बांधकामावर जायची, त्यामुळे धाकटा भाऊ कायम हिच्या कडेवर. एरवी ती कधी यायची, कधी गायब. आता भावाला घेऊन रोज यायला लागली. आमच्याकडं पट्ट्या मोजक्याच होत्या, समुद्राची तर पुन्हापुन्हा लागायची. प्रत्येक चित्राआधी मी विचारायचे, "आता काय येणार?" ते सगळ्यांच्या आधी तिला आठवायचं.

एका शनिवारी पोराला न्यायला आलेल्या एका गावकऱ्यानं दार उघडलं. बटणावर हात कुणाचा आहे आणि तिला खेटून कोण बसलंय, हे त्याला उजेडात दिसलं. आपल्या पोराला हाताला धरून तो निघून गेला. पुढच्या शनिवारी घोंगड्या आल्या नाहीत.

मी मेंढरंवाल्यांच्या घरी गेले. तिथली म्हातारी माझ्याकडं न बघताच म्हणाली, "घोंगडी द्यायला काय नाय, बाई. पर आमाला गावात ऱ्हायचंय. त्या पोरीला मशीनपासनं उठवा, मंग न्या."

"मग राहू द्या," म्हणून मी तडक परत आले. त्या गावाचा इतका राग मला कधीच आला नव्हता. उजेडातच मशीन लावलं. भिंतीवर समुद्र कसला, नुसता पांढुरका डाग. पोरं थोडा वेळ बसली, मग हळूहळू आपापल्या टोकाला सरकली.

शाळा सुटल्यावर ती मुलगी मागं थांबली.

"बाई, मी नाय आले तर घोंगड्या येतील का?"

"तू यायचंच. घोंगड्यांचं मी बघते."

तिनं मान हलवली. पण त्यानंतर ती आली नाही. घरी गेले, तर दाराला कुलूप. शनिवारी घोंगड्या मात्र कुणी न मागता आल्या. त्या परत पाठवाव्यात असं फार वाटलं, पण पोरं कधीची भिंतीकडं तोंड करून बसली होती.

समुद्राचीच पट्टी होती. बटण मीच फिरवत होते. "आता काय येणार?" मी विचारलं. कुणाला आठवेना. तेवढ्यात खिडकीवरच्या घोंगडीमागून आवाज आला.

"आता जहाज, बाई."

मी धावत जाऊन घोंगडी वर केली. ती भिंतीला टेकून भर उन्हात उभी होती, कडेवर भाऊ. मी म्हणाले, "आत ये." ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. ऊन शिरल्यामुळे भिंतीवरचं चित्र पार गेलं होतं आणि पोरं कुरकुरत होती.

"घोंगडी सोडा, बाई," ती म्हणाली. "त्यांना दिसंना झालंय."

आणि ती शेडच्या दिशेनं चालू लागली. तिनं मागं पाहिलं नाही. तिचा भाऊ मात्र तिच्या खांद्यावरून आमच्या भिंतीकडं बघत होता.