कॅरमवरची रेघ

कबनूरच्या दीक्षाचा कॅरमबोर्ड पाहून विभागात सगळे आधी हसलेच. यंत्रमागावर काम करणाऱ्या तिच्या वडिलांनी, बाबासोंनी, तो प्लायवूडचा करून दिला होता. बाजू सरळ, दोन्ही टोकं अर्धगोल, भोकं नाहीत. दीक्षा कोल्हापुरात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती. अशाच आकाराच्या, पण केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या कोठडीत कोंडलेला इलेक्ट्रॉन हा तिचा विषय.

बोर्डावर पावडर टाकून ती स्ट्रायकर मारायची. नेम किंचित हलला तरी चार-पाच टप्प्यांनंतर वाट पार बदलायची. बरेच फटके मारल्यावर पावडर सगळीकडे सारखीच पुसलेली असायची. कुठल्या एका वाटेची खूण उरायची नाही. इलेक्ट्रॉन मात्र लाटेसारखा वागतो. स्ट्रायकर जिच्यावर कधीच टिकत नाही अशा एका वाटेवर, तिच्या गणिताच्या काही चित्रांत, त्या लाटेची ठळक रेघ उमटली होती.

मार्गदर्शक सरनाईक सर मूळचे दुसऱ्या विषयातले. त्यांनी तिला सगळ्यांसमोर बोर्डाजवळ उभं केलं. "दाखव की, कुठाय तुझी रेघ हितं?"

पावडरीत रेघ नव्हतीच. लाटेचं वेगळं असतं, असं ती सांगू लागली, तर ते म्हणाले, मागाच्या खडखडाटात वाढलेल्यांना गोंगाट कुठला आणि सूर कुठला ते कळत नाही. रेघ म्हणजे गोंगाट, सरासरी काढून सपाट कर. विभागाच्या संगणकावर जागा हवी म्हणून मूळ चित्रंही त्यांनी काढून टाकायला लावली. प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. तिने प्रबंधातली रेघ सपाट केली, चित्रं पुसली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंध मिटून ठेवला. ही रेघ जगाला चाळीस वर्षं माहीत आहे, तीच नसेल तर काम चुकलंय, असं त्या म्हणाल्या. "मूळ चित्रं दाखव. आत्ता सही करते."

"पुसली, मॅडम. सरांनी सांगितलेलं."

सरनाईक सर खुर्चीत रेलले. "कॅरम हिचा, रेघ हिची, आणि पुसणारा मी व्हय?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. सहीही केली नाही.

बाहेर बाकावर बाबासो नवा शर्ट घालून बसले होते. पावण्यांना बोर्ड दाखवायला लागेल म्हणून पावडरीचा नवा डबा आणलेला.

"झालीस न्हवं डॉक्टर?"

दीक्षाने बोर्ड त्यांच्यापुढे धरला. त्यावर विभागातल्या चहाच्या कपांचे गोल डाग होते. "धरा, अप्पा. घरी न्यायचाय."

बाबासोंनी पावडरीचा डबा बाजूला ठेवला. बोर्ड मांडीवर घेतला आणि नव्या शर्टाच्या बाहीनं डाग पुसू लागले.