चौकटीतली ओळ

सेक्टर पंधराच्या सायबर कॅफेत माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर रोज एक पंजाबी बाई बसत. फुकट मिळणाऱ्या एका बॅकअप सॉफ्टवेअरची माहितीची पानं त्या हौसेने सुधारत. परिच्छेदात बुडालेली कमांड उचलून वेगळ्या ओळीवर, चौकटीत ठेवत आणि मान तिरकी करून बघत. आम्ही कधी बोललो नव्हतो.

एकदा मी संशोधन करत होते त्या लॅबमधल्या कॉम्प्युटरची डिस्क गेली आणि तिच्याबरोबर माझं वर्षाचं काम. सीडीवर त्याच सॉफ्टवेअरने घेतलेला बॅकअप होता, पण तो परत कसा उतरवायचा ते ठाऊक नव्हतं. कॅफेत येऊन मी त्याच्या माहितीचं पान उघडलं, तेव्हा त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं.

"पाँच मिनट रुक जा, बेटा. यह पन्ना वही खोलता है जिसका कुछ डूब गया हो. उसके हाथ काँपते हैं."

सुधारलेलं पान छापून मी लॅबमध्ये गेले. एकेका चौकटीवर बोट ठेवत टाइप केलं. काम परत आलं.

दुसऱ्या दिवशी आभाराचं वाक्य मनात जुळवूनच कॅफेत शिरले.

"अटकी कहाँ?" त्यांनी विचारलं.

वाक्यात राहून गेलेल्या एका कमांडवर मी बोट ठेवलं. त्यांनी ती उचलून चौकटीत ठेवली, मान तिरकी केली. माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं.