उपरण्याखालचा उजेड

परवा आमच्या घरी काचेच्या तारेचं इंटरनेट बसवायला दोन मुलं आली. भिंतीवर डबी ठोकली आणि मला समजावून सांगायला लागली की आजोबा, या तारेतून वीज नाही, उजेड धावतो. मी त्यांना चहा पाजला आणि म्हणालो, बाळांनो, या अख्ख्या नगर जिल्ह्यात काचेच्या तारेतून पहिला निरोप माझ्या घरचा गेलाय. नव्वदच्या दशकात, भर दुपारी, माणसांच्या साक्षीनं. ती मुलं एकमेकांकडं बघून हसली. तुम्हीही हसा, पण ऐका.

तेव्हा घोडेगावात माझा केबलचा धंदा होता. मी मूळचा शेवगावकडचा. इथं आलो, खोली भाड्यानं घेतली आणि छपरावर डिश चढवली. डिश एवढी, की तिच्यात दोन माणसं पंगतीला बसली असती आणि तिसरा वाढायला आत उतरला असता. तिच्यापासून निघालेली काळी वायर चिंचेवरून, देवळामागून, पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावरून थेट जनावरांच्या बाजाराच्या मैदानापर्यंत जायची. मैदानाच्या कडेला माझ्या लाइनीचं शेवटचं घर. ते होतं बाजारातल्या एका नामांकित दलालाचं. सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा. मला मात्र त्यांना सासरे म्हणायचं होतं.

त्याचं कारण त्यांची मुलगी. ती एकदा दुकानात येऊन म्हणाली, "आमच्या टीव्हीत मुंग्या झाल्यात."

"सगळ्यांच्याच होतात," मी म्हणालो.

"आमच्या लई हायेत. बातम्या सांगणारी बाई हाय का बाप्या, तेच कळत न्हाई. तुमी पैसं चित्राचं घेता का मुंग्यांचं?"

त्या दिवसापासून त्या घरच्या मुंग्यांवर मी जेवढा जीव लावला, तेवढा घोडेगावच्या बाजारात कुणी खिलारी जोडीवर लावला नसेल. रोज शिडी घेऊन हजर. पण मुंग्या काही हटेनात. तांब्याची वायर दमते, हे तिचं दुखणं. डिशपाशी चित्र पैलवानासारखं निघायचं, चिंचेपाशी धापा टाकायचं आणि मामांच्या ओसरीवर पोचेपर्यंत त्याची तिरडी बांधायची वेळ यायची. मध्येमध्ये मी अँप्लिफायर बसवले होते. पण अँप्लिफायर म्हणजे बहिरा निरोप्या. ऐकलेलं मोठ्यानं ओरडून पुढं सांगतो, आणि चुकीचं ऐकलं असेल तर तेही तितक्याच मोठ्यानं. त्यानं चित्राबरोबर मुंग्याही धष्टपुष्ट केल्या.

शेवटी माझ्या चुलत्यांनी मामांकडं माझा विषय काढला. मामांनी सुपारी कातरता कातरता उत्तर दिलं, "पोरगा वाईट न्हाई. पण ज्याची वायर धड शेवटपर्यंत पोचत न्हाई, त्याचा संसार कसा पोचंल? आन मी रोज ती मुंग्यांची वारुळं बघतो."

चुलते तोंड पाडून परत आले. चार दिवस मी कुणाच्याच वायरीला हात लावला नाही, तेव्हा निम्म्या गावात मुंग्या झाल्या.

त्याच सुमारास नगर-औरंगाबाद रस्त्याच्या कडेनं टेलिफोनवाल्यांनी चर खणायला घेतला. पाण्याची पाइपलाइन समजून गावातल्या पुढाऱ्यांची ती कुणाच्या वस्तीवरून न्यायची यावर भांडणंही सुरू झाली. मी मात्र जोडकाम करणाऱ्या माणसाच्या तंबूत जाऊन बसलो. पानतंबाखू खिलवून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. आतली तार काचेची, केसाएवढी बारीक. एका टोकाला उजेड सोडला की दुसऱ्या टोकाला निघतो. तार वाकवा, वळवा, उजेड आतल्या आत भिंतींवर आपटत पुढं जातो, बाहेर पडत नाही. उजेडाची फक्त उघडझाप करायची. त्या उघडझापेतच बोलणं, चित्र, सगळं. आणि काच तांब्यासारखी दमत नाही. हे ऐकून मला रात्रभर झोप नाही. सकाळी त्याच्याकडून कापून टाकलेला एक लांबलचक तुकडा मागून आणला.

चुलत्यांना पुन्हा पुढं घातलं आणि मामांच्या अंगणात गेलो. आई बरोबर होती. मामा, मामी आणि मामांचे दोन जोडीदार दलाल ओसरीवर बसले होते. मुलगी पोहे ठेवून गोठ्यामागं गेली. तिला मी आधीच बॅटरी देऊन ठेवली होती, तारेचं एक टोक बॅटरीच्या काचेला चिकटपट्टीनं घट्ट बांधून. तार गोठ्याला वळसा घालून, बाभळीला एक वेढा मारून ओसरीपर्यंत आणली.

"मामा, ही बघा न दमणारी तार," मी म्हणालो. "तिकडं बॅटरी लावली की इकडं उजेड."

मामांनी टोक डोळ्याजवळ धरलं. गोठ्यामागं बॅटरी लागली असणार, पण चैत्राच्या उन्हात त्या टिंबाला कोण विचारतो.

"काय बी न्हाई," मामा म्हणाले. "हितं बी मुंग्याच."

जोडीदार खदखदले. तेवढ्यात माझी नजर मामांच्या खांद्यावरच्या उपरण्यावर गेली. घोडेगावच्या बाजारात जनावराची किंमत कुणी तोंडानं बोलत नाही. दोघं उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि तोंडावरची माशीसुद्धा हलू देत नाहीत. आयुष्यभर मामांनी अंधारातच सौदे वाचले होते.

"मामा, उपरणं डोक्यावरून घ्या आन आत बघा," मी म्हणालो.

मामांनी घेतलं. मग आतून आवाज आला, "हाय. ताऱ्यावानी हाय." पुन्हा आवाज आला, "इझलं." मग, "आलं."

मला वाटलं जिंकलो. पण मामा दलाल होते. उपरण्यातूनच त्यांनी गोठ्याकडं लेकीला हाक दिली, "आक्के, तोंडानं बोलू नको. ह्यो पोरगा पसंत असंल तर एकदा लाव. नसंल तर दोनदा."

बघायच्या कार्यक्रमात मुलीला सगळ्यांसमोर विचारतात आणि ती जमिनीकडं बघते. तिच्या मनात काय आहे ते कुणालाच कळत नाही. इथं तिला कुणी बघत नव्हतं, आणि मलाही ती दिसत नव्हती. दिसत होतं फक्त उपरणं.

उपरणं हललं. म्हणजे एक आलं. आता दुसरं येतं की काय, म्हणून मी जीव मुठीत धरून उभा. मामा काही बोलेनात. चुलत्यांचा पोह्याचा घास हवेतच थांबला. मामी म्हणाली, "अवो, किती झालं?" आईनं माझा हात धरला. बाजारात एक बैलजोडी विकून दुसरी घेऊन झाली असती, एवढा वेळ गेला.

मग मामांनी उपरणं खाली घेतलं. तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं.

"दोन न्हाई," ते म्हणाले. "एकच हाय. पण ते इझंचना."

गोठ्यामागं जाऊन बघितलं तर ती बॅटरीच्या बटणावर अंगठा ठेवून उभी होती. सेल मंदावले तरी तिनं अंगठा काढला नव्हता.

तर असा तो निरोप. त्या मुलांना एवढं सांगून झालं, तेव्हा भिंतीवरच्या डबीत हिरवा दिवा लुकलुकायला लागला होता. मी छाती पुढं काढून बसलो होतो. तेवढ्यात आतून आमची ही म्हणाली, "त्या बॅटरीचं बटण अडकलं हुतं."

मुलं हसली. मी उठून कपाट उघडलं आणि ती बॅटरी त्यांच्या हातात दिली. बटण आजही लोण्यासारखं सरकतं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आणखी एक चहा आला, आणि त्यात साखर जास्त होती.