काळ्या टाकीतले पिवळे मासे

सतरा ऑगस्ट, रविवार. माशांच्या टाकीतलं पाणी बदलायचं होतं. नळी लावून बादली भरत होते, तेवढ्यात नवरा आणि नांदेडहून आलेले दीर हॉलमध्ये शिरले. दिरांच्या खांद्यावर पांढऱ्या खड्यांचं पोतं. ते माझ्या टाकीत ओतायचं ठरवूनच आले होते.

माझी टाकी काळी आहे. तळाला काळी माती, मागे काळा कागद, मध्ये लाकडाचं खोड आणि त्यावर गर्द हिरवी झाडं. उजेड मुद्दाम कमी. आमच्या लातूरचं बोअरचं पाणी जड, त्यात आरओचं मिसळून मी ही झाडं काही वर्षं जगवली. डिस्कस हा बशीसारखा गोल, चपटा मासा. त्याला असा काळोख मानवतो, पण रंग बघून घ्यावा लागतो.

मासे आणायला आम्ही जूनमध्ये नांदेडला गेलो होतो. मी तपकिरी अंगावर निळ्या रेघांचे मागितले. काळोखात त्या रेघा उठून दिसतात. नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे. रंग पारखायची त्यांना एकच रीत ठाऊक: माल दारात, उन्हात नेऊन बघायचा. मासे भरलेली पाण्याची पिशवी घेऊन ते खरोखर रस्त्यावर गेले. दोघं भाऊ ती उन्हात फिरवून फिरवून बघत होते, जणू बस्त्यातला शालू.

“हे पिवळं बघा वैनी. लई झळाळी हाय,” दीर म्हणाले. “तुमचं तपकिरी म्हंजे अस्तराचं कापड.”

“काळ्या टाकीत पिवळ्याच्या अंगावर काळे ठिपके येतात, भावजी.”

“रंग पक्का हाय. मी सांगतो ना,” हे म्हणाले.

माशाचा रंग पक्का! जन्मभर कापड विकलं की माणसाला मासाही ताग्यातून फाडलेला वाटतो.

तीन पिवळे आले. भांडून मी तीन तपकिरी घेतले. महिना व्हायच्या आत पिवळ्यांवर मिरपूड सांडल्यासारखं झालं. त्या वाणाचा तो स्वभाव आहे, रोग नव्हे. पण नवऱ्यानं पाहुण्यारावळ्यांत सांगून टाकलं की बायकोच्या मातीनं मासे नासवले. म्हणून हे पोतं.

“माती काढा, झाडंबी काढा,” दीर म्हणाले. “पांढरे खडे टाकले की चकाचक.”

“आणि तोवर मासे कुठं ठेवता? खिशात?”

“अगं, लोक हसायलेत,” हे म्हणाले. “डागी माल वाटतो.”

“मग बदलून आणा.”

“जिवंत माल कोण परत घेतो?”

“ते उन्हात उभं राहून बघताना विचारायचं होतं.”

एवढ्यात दिरांनी बाही सारून टाकीत हात घातला आणि खोडावरचं एक झाड मुळासकट उपटलं. पाणी गढूळ झालं. मासे कोपऱ्यात दबले.

“हात काढा भावजी,” मी म्हणाले. त्यांनी काढला. माझा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच बहुधा.

मग दोघांनी माझ्याच हातचा चहा पिता पिता निकाल दिला, “बायकांना रंगातलं कळत न्हाई.” ज्यांचं घर बायकांना रंग विकून चालतं त्यांनी हे म्हणावं! मी कपबशा उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची जुनी काचेची टाकी उतरवून धुतली. माझ्या टाकीतलं पाणी ड्रममध्ये भरलं, जादा हीटर आणि टाकीतल्या दोन चालत्या फिल्टरांपैकी एक घेतला, पिवळे मासे झाकणाच्या बादलीत घातले आणि सगळं रिक्षातून दुकानात नेलं. दर्शनी काचेशी टाकी लावली, तळाला त्यांचेच पांढरे खडे पसरले. नवऱ्याच्या हातात नळी दिली आणि सांगितलं, विष्ठा रोज काढायची, पाणीही रोज बदलायचं. त्यांनी गिऱ्हाइकांसमोर मान हलवली. घरी येऊन मी उपटलेलं झाड दोऱ्यानं खोडाला बांधलं.