खिंडीखालची हरतालिका

ये गं, अशी जवळ बस. आणि आधी कान पकड. परवा सगळ्यांसमोर म्हणालीस ना, "आत्याची मजा आहे, लोकांच्या पैशानं जग फिरते"? वा गं वा! सख्खी भाची तू माझी. तुला फोटोतला डोंगर तेवढा दिसतो. तो डोंगर लोकांना चढवताना काय काय होतं, ते विचारलंस कधी? आता ऐक. मध्येच फोन बघायचा नाही.

तर किर्गिझस्तानातल्या एका खिंडीच्या अगदी खाली आमच्या गटातली सुलभा एका दगडावर बसली होती आणि उठत नव्हती. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. डोकं दुखतंय म्हणाली, गरगरतंय म्हणाली, मळमळतंय म्हणाली. वर खिंड दिसत होती. खिंडीपलीकडे तलाव. तो बघायला आम्ही नाशिकहून इतक्या लांब आलो होतो, आणि बाकीचा गट वर चढायच्या तयारीत उभा राहून आमच्याकडे बघत होता.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी टूर लीडर. आमची कंपनी छोटी. एका मिनीबसमध्ये मावतील तेवढीच माणसं न्यायची. ही बसमधून उतरा, फोटो काढा, जेवा अशी सहल नव्हे. इथं चालायचं, घोड्यावर बसायचं, युर्टमध्ये राहायचं. युर्ट म्हणजे दाबून जाड केलेल्या लोकरीच्या कापडाचा गोल तंबू. वाट दाखवायला तिथलाच माणूस असतो, तो लोकल गाइड. तो पुढे. मी सगळ्यांत मागे. मागच्याला आम्ही स्वीप म्हणतो. स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम. माझ्या गुडघ्यांनाही तो मानवतो.

आमची गाइड गुलनारा, तिथलीच तरुण मुलगी. इंग्रजी माझ्यासारखंच, ऐकून ऐकून शिकलेलं. त्यामुळे आमचं छान जमायचं. दोघींच्याही चुका सारख्या.

गुलनारा खाली धावत आली. सुलभाची नाडी बघितली, डोळे बघितले. मला ती मामा म्हणायची, म्हणजे तिकडच्या बोलण्यात आई. बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, उंचीचा त्रास असेल. घोड्यावर बसवून खाली नेऊ."

उंचावर हवा विरळ असते. अंगाला ती सवयीची व्हायला वेळ लागतो. काहींना सवय होता होता त्रास होतो, आणि तो वाढला तर जिवावर बेततो. म्हणून अशा जागी डोकं दुखलं की ते उंचीनंच दुखतंय असं आधी धरून चालायचं. उपाय एकच. खाली उतरायचं.

पण मला एक कळेना. आदल्या रात्री आम्ही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर झोपलो होतो. तेव्हा सुलभा अगदी टुणटुणीत. युर्टवाल्या आजीला कांदा चिरण्याची पद्धत शिकवत होती. सटाण्याची बाई, कांद्यावर कुणाचं ऐकणार?

मी तिला घोटभर पाणी द्यावं म्हणून तिच्या सॅकमधली बाटली काढली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. सकाळी भरली तशीच.

"सुलभा, अगं पाणी प्यायलीच नाहीस?"

"तहानच नाही लागली मावशी."

"एवढं चढून तहान नाही?"

ती खाली बघायला लागली. ज्याला तहान लागत नाही तो माणूस बाटलीकडे असं चोरून बघत नाही, एवढं मला कळतं.

तेवढ्यात गुलनारा म्हणाली, "ही सकाळी ओढ्याकाठी वाळूचं काहीतरी करत होती. छोटा ढीग. वर फुलं, पानं ठेवली. मला वाटलं, गंमत चाललीय. पण हात जोडताना बघितलं, तेव्हा घोडेवाल्याला सांगितलं, घोडे तिकडून नेऊ नकोस."

वाळूची पिंड! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भाद्रपद. गणपतीचा आदला दिवस. हरतालिका! तुझे काका गेल्यापासून तो उपास माझ्या ध्यानातच राहत नाही गं. आणि आमचा हा गट बहुतेक शेतीवाल्यांचा, द्राक्षाच्या छाटणीआधी मोकळा होणारा. त्यांना सवड तेव्हा आणि खिंडीत बर्फ नसतं तेही तेव्हाच. सुलभाकडचा गणपती थोरल्या दिरांकडे बसतो, म्हणून ती निघू शकली. पण हरतालिका थोडीच दिराकडे ठेवून येता येते?

"निर्जळी धरलीस?"

तिनं मान हलवली.

"अगं, नाशिकच्या मीटिंगमध्ये मी घसा फोडून सांगितलं होतं ना, पाणी पीत राहा म्हणून?"

"म्हणून तर सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही धरू दिला नसता."

घे! म्हणजे चूक माझीच!

गुलनाराला सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले, पण हसली नाही पोरगी. सुलभासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "आमच्यात पण रोजे असतात, पाण्याशिवाय. पण प्रवासात असलं, आजारी असलं, तर सूट. नंतर घरी जाऊन तो दिवस भरून काढायचा. तू पण घरी जाऊन कर."

मी ते मराठीत सांगितलं. सुलभा म्हणाली, "त्यांना त्यांच्या देवानं सांगितलंय मावशी. माझ्या महादेवानं मला कुठं सांगितलंय?"

वरून एक आवाज आला. आमच्या गटात एक निवृत्त बँक मॅनेजर होते, साहेबच म्हणायचे सगळे त्यांना. "मॅडम, उशीर होतोय. आम्ही बाकीचे गाइडबरोबर पुढे जातो ना. तुम्ही थांबा ताईंपाशी."

"नाही जमणार साहेब. गाइड एक, गट एक. फोडायचा नाही."

"म्हणजे एकीच्या उपासासाठी सगळ्यांनी..."

"साहेब, उद्या तुमचा पाय मुरगळला तर मी हेच सांगणार आहे."

त्यांचं तोंड फुगलं. त्यांचंही खरं होतं. खिंडीला टर्न-अराउंड टाइम असतो. म्हणजे ठरलेली वेळ झाली की खिंड हाताच्या अंतरावर असली तरी मागं फिरायचं, कारण दुपारनंतर वर हवा फिरते. ती वेळ जवळ येत होती. सुलभा प्यायली तर कदाचित तासाभरात उभी राहील. नाही प्यायली तर घोडा, मग खालच्या गावातला दवाखाना, आणि तिथून पुढं काय, ते मला बोलायचंही नव्हतं.

एवढ्यात तिचा नवरा, भाऊसाहेब, धापा टाकत खाली आला. तो कायम गुलनाराच्या मागोमाग पुढं. बायको मागं काय करतेय, त्याला पत्ताच नव्हता.

"काय झालं?"

"तुमच्यासाठी पाणी सोडलंय हिनं," मी म्हटलं.

"मला म्हणाली फळं खाऊन करते!" तो तिच्याकडे वळला. माणूस एरवी शुद्ध बोलतो, पण घाबरला की अहिराणीवर येतो. "आते पानी पी ले व! मी जित्ता शे ना आठे!"

"हे जिवंत आहेत ते कशामुळं?" सुलभा मला म्हणाली. "दोन वर्षांखाली मला पित्त झालं म्हणून मी हरतालिकेला चहा घेतला होता. दिवाळीनंतर यांना मोटारीचा शॉक बसला. विहिरीच्या काठावर पडलेले सापडले. तवापासून मी घोटसुद्धा घेत नाही."

भाऊसाहेब एकदम मऊ पडला. "अगं, स्टार्टरची वायर उंदरानं कुरतडली होती."

"त्याच वर्षी बरी कुरतडली?"

आणि बघ, मला तिचा राग येईना. हसूही येईना. तिला कोरड पडली होती आणि तिला खरंच वाटत होतं की त्या कोरडीवर नवऱ्याचा जीव टांगलाय. अशा माणसाला विज्ञान सांगून उपयोग नसतो. तिच्या देवाच्या घरातलाच दरवाजा शोधावा लागतो.

मग मला माझ्या सासूबाई आठवल्या. मी म्हटलं, "सुलभा, माझ्या सासूबाईंना कावीळ झाली होती. हरतालिका आली. मामंजी म्हणाले, आजाऱ्याचं व्रत घरच्यानं पुरं केलं की चालतं. त्यांनी स्वतः उपास धरला."

"पुरुषानं? हरतालिकेचा?"

"पुरुषानं. आमच्या भटजींना विचारून."

"खरं सांगता?"

"डोंगरावर बसून खोटं बोलू का?"

भाऊसाहेबानं क्षणाचाही विचार केला नाही. "मी धरतो. इथून पुढं माझा."

"तुम्हाला जमतंय व्हय? चहा उशिरा झाला तर घर डोक्यावर घेता."

"जमवतो."

"निर्जळी?"

इथं मात्र मी मध्ये पडले. "पाणी कुणीच सोडायचं नाही. एक आडवी आहे तेवढी पुरे. भाऊसाहेब जेवण सोडतील."

"मग निर्जळी मोडली की मावशी."

"कशी मोडली?" भाऊसाहेब म्हणाला. "सकाळपासूनचं पाणी तू सोडलं. इथून पुढं उद्या सकाळपर्यंतचं अन्न मी सोडलं. निम्मं तुझं, निम्मं माझं."

"निम्म्याला निम्मं कसं होईल? मी काल रात्रीपासून उपाशी आहे."

"बरं, उद्याचा सकाळचा चहा पण सोडला. आंघोळ, नमस्कार, मगच."

अगं, सटाण्याच्या मार्केटात कांद्याची बोली लागावी तशी घासाघीस. गुलनाराला भाषा कळत नव्हती, पण ती मान या तोंडाकडून त्या तोंडाकडे फिरवत होती. शेवटी भाऊसाहेबानं खिशातली जेवणाची पुडी काढून गुलनाराच्या हातात दिली. त्यात उकडलेली अंडी होती, त्याला फार आवडायची. ते बघितल्यावर सुलभाला पटलं.

तिनं खिंडीकडे तोंड करून हात जोडले. "महादेवा, बघ बाबा, यांनी धरलाय." आणि पहिला घोट घेतला.

एकदम पाजायचं नाही अशा वेळी, उलटी होते. मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट, मध्ये थांबत. हळूहळू गरगरणं थांबलं, डोकं दुखायचं थांबलं. म्हणजे ही उंची नव्हती, कोरडच होती. तरी गुलनारा म्हणाली, आज वर नाही. वेळही टळली होती. मी सगळ्यांना सांगितलं, मागं फिरायचं. साहेबांनी सॅक आपटून पाठीवर टाकली. त्यांच्या काठीची ठकठक मला अख्ख्या उतारावर ऐकू येत होती.

सुलभा घोड्यावर, भाऊसाहेब लगामाशी. खाली युर्टपाशी आलो. गुलनारानं युर्टवाल्या आजीला काय सांगितलं कोण जाणे. आजीनं मांडलेली सगळी ताटं उचलली आणि शेजारच्या युर्टमध्ये नेली. मी विचारलं, तर गुलनारा म्हणाली, "आजी म्हणते, उपासवाल्या माणसासमोर जेवू नये." भाऊसाहेब एकटा चुलीपाशी बसला होता. आजी स्वतःही जेवायला गेली नाही. त्याच्यासमोर सूत कातत बसली, सोबत म्हणून. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता. कोण कुठली ती बाई! तिला हरतालिका म्हणजे काय ठाऊक नाही, उपास म्हणजे काय ते मात्र पक्कं ठाऊक.

आम्ही अशा प्रवासात एक रिझर्व्ह डे ठेवतो, हवा बिघडली तर हाताशी असावा म्हणून. तो दुसऱ्या दिवशी वापरला. सकाळी भाऊसाहेबानं आंघोळ केली. ओढ्याच्या पाण्यात, बापरे! सुलभानं वाळूची पिंड ओढ्यात सोडली, आणि मग आजीनं त्याच्यासमोर दह्याचं भांडं आणि जाड रोटी ठेवली. तो असा जेवला की आजीनं पदराआड, म्हणजे तिच्या रुमालाआड, तोंड लपवून हसून घेतलं.

वर चढताना मी मागे, स्वीप. माझ्यापुढे सुलभा. आणि तिच्याबरोबर कोण चालत होतं सांग? साहेब! दर वळणाला थांबायचे. "ताई, घोट." ती प्यायली की स्वतः एक घोट घ्यायचे आणि पुढं. खिंडीत पोचल्यावर पलीकडे तो तलाव दिसला, निळा, काठानं घोडे चरतायत. सुलभा नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही पुरा केलात म्हणून दिसला." आणि त्यानंतर साहेबांना पण नमस्कार केला. साहेब इतके गडबडले की त्यांनी फोटो काढायच्या ऐवजी फोन कानाला लावला.

नाशिकला आल्यावर आमच्या कंपनीचा मालक पंकज, माझ्या मुलाच्या वयाचा, विचारायला लागला.

"मावशी, हवा तर छान होती. रिझर्व्ह डे कशात गेला?"

"हरतालिकेत."

"रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"पाणी कमी पडलं असं लिही."

तेव्हापासून तारखा ठरवताना मी हवामानाच्या शेजारी पंचांग ठेवते. आणि मीटिंगमध्ये पाणी प्या असं नुसतं सांगत नाही. उपास कोणते, कसे, आणि ते घरी परतून कसे पुरे करता येतील, हे बसून एकेकाला विचारते. लोक मोकळे होतात. बूट चांगले नसले तरी डोंगर चढता येतो, पण माणसानं मनात काय धरलंय ते ठाऊक नसलं तर येत नाही. एवढंच शिकले.

आणि लोकांच्या पैशानं फिरते म्हणालीस ना, ते खरंच आहे गं. त्यांच्या पैशानं, त्यांच्या भरवशावर, आणि गुलनारासारख्या परक्या पोरींच्या चांगुलपणावर. एवढा विश्वास मला आधी कुणी दिला नव्हता.

यंदाच्या हरतालिकेला सुलभाचा सटाण्याहून फोन होता. भाऊसाहेबानं आपण होऊन पुन्हा उपास धरलाय, म्हणाली, आणि दुपारपासून दर थोड्या वेळानं घड्याळ बघतोय. मागून त्याचा आवाज आला, "मावशींना म्हण, पुढच्या वेळी बायकांच्या व्रतांतलं काही सोपं सांगा!"

अशी माणसं एकदा बघायला हवीत तू. तेव्हा मी उद्या परत गेले की लांबवू नकोस, लवकर ये माझ्याकडे नाशिकला, चार दिवस काढून ये. आणि उपास असला तर आल्या आल्या सांग हं. भगर टाकते, दाण्याची आमटी करते. न सांगता बसलीस तर बघ.